परीक्षा मुलाची, अर्ज घराचा

दिवाळीच्या आगेमागे बारावी सायन्सची मुले जेईई मेनचा अर्ज भरतात. बहुतेक घरांत हे काम मूल एकटेच उरकते. शाळा सुटल्यावर दोन मित्र सायबर कॅफेत जातात, अर्धा तास बसतात आणि पावती घेऊन घरी येतात. कॅफेवाला विचारतो, "कॅटेगरी काय टाकू?" मूल म्हणते, "जनरल टाका, नंतर बघू." घरी अम्मी विचारते, "भरला का फॉर्म?" "हो, भरला." विषय संपतो.

तो खरे तर तिथे संपत नाही. सात-आठ महिन्यांनी, जूनमध्ये, तेच वाक्य पुन्हा समोर उभे राहते. रँक आलेली असते, पेढे वाटून झालेले असतात आणि मग कळते की दाखला जुना आहे, नाव जुळत नाही किंवा पैसे भरायची मुदत उद्या संपते आहे.

आयआयटीचे नाव निघाले की आपल्या घरांत दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, "ते आपल्याला कुठे जमणार?" दुसरे म्हणजे, "पोरगा हुशार आहे, इंशाअल्लाह लागेल नंबर." दोन्ही उत्तरांत घराने करायचे काही उरत नाही. या महिन्यात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की परीक्षा मुलाने द्यायची असते, पण अर्ज सगळ्या घराने करायचा असतो. अभ्यासात अब्बांची मदत होणार नाही, होऊ नये. कागद, पैसा आणि निर्णय या तीन गोष्टी मात्र सतरा वर्षांच्या मुलावर टाकून चालत नाहीत.

आधी रस्ता समजून घेऊ

देशात २३ आयआयटी आहेत. आपल्या राज्यात एकच, मुंबईत पवईला. पण गोवा, धारवाड, गांधीनगर, इंदूर आणि हैदराबाद येथेही आयआयटी आहेत आणि महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून त्या एका रात्रीच्या प्रवासावर आहेत.

प्रवेशाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली जेईई मेन. ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये. दोन्ही वेळा बसले तर त्यातले चांगले गुण धरतात. तिच्यातून वरचे अडीच लाख विद्यार्थी दुसऱ्या पायरीला, म्हणजे जेईई अॅडव्हान्स्डला पात्र होतात. ती देण्याच्या संधी दोनच, त्याही लागोपाठच्या दोन वर्षांत. शिवाय बारावीला ७५ टक्के गुण हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्के मुलांत नंबर हवा. म्हणून "बोर्डाचे काय, जेईई बघू" असे म्हणणाऱ्या क्लासवर विसंबू नका. गेली काही वर्षे बारावीची परीक्षा आणि रमजान जवळजवळ येत आहेत. त्या दिवसांत घरातली कामे, पाहुणे आणि इफ्तारच्या खरेदीतून बारावीच्या मुलीला मोकळे ठेवणे हीदेखील घराने केलेली तयारीच आहे.

आता आकडे. २०२४ मध्ये जेईई मेनला सुमारे १४ लाख मुले बसली. अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले, ४८,२४८ पात्र ठरली आणि आयआयटीत जागा होत्या १७,७४०. म्हणजे मेनला बसलेल्या साधारण ८० मुलांमागे एक जागा. हा आकडा मुलाला घाबरवण्यासाठी सांगितलेला नाही. घरातल्या मोठ्यांनी तो मनात ठेवावा, एवढ्यासाठी सांगितला आहे. ज्या दारातून ८० जणांतला एकच आत जातो, तिथे नंबर लागला नाही म्हणजे मूल नालायक ठरत नाही. आणि जिथे एकेका जागेला एवढे मोल आहे, तिथे मिळालेली जागा एका कागदापायी घालवणे परवडणारे नाही.

एक प्रश्न हमखास येतो, भाषेचा. मुलगी दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, तिला जमेल का? जेईई मेन १३ भाषांत देता येते. उर्दूची सोय देशातल्या सर्व केंद्रांवर आहे आणि मराठीची महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. भाषा अर्जातच निवडायची असते. अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. त्यामुळे अकरावीपासूनच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितातले इंग्रजी शब्द उर्दू-मराठी शब्दांच्या शेजारी लिहून पाठ करायची सवय लावा. भाषा हा अडथळा आहे, पण दोन वर्षांत ओलांडता येण्याजोगा आहे.

नाव एकच असू द्या

आपल्या घरांत नावांचा घोळ फार. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. मोहम्मद कुठे पूर्ण असते, कुठे अर्धे, कुठे दोनच अक्षरांत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारकार्डावर शेवटी. मुलीचे नाव शाळेत "रुखसारबी", आधारवर नुसते "रुखसार". वडिलांच्या रेशनकार्डावर दादांनी सांगितलेले नाव, पॅनकार्डावर वेगळेच.

घरात याने काही बिघडत नाही. सगळ्यांना ठाऊक असते की माणूस एकच आहे. कागद तपासणाऱ्याला ते ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने दोन स्पेलिंग म्हणजे दोन माणसे. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पक्के धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारमधली दुरुस्ती लवकर होते. जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदीतल्या दुरुस्तीला महिने लागतात. ज्यांची मुले आज आठवी-नववीत आहेत त्यांनी हे काम याच वर्षी करावे. दहावीचे प्रमाणपत्र एकदा छापून आले की त्यावरचे नाव बदलणे फार जिकिरीचे होते.

दाखल्याची गोष्ट

आयआयटीत धर्माच्या नावाने राखीव जागा नाहीत. मात्र २७ टक्के जागा इतर मागासवर्गाला आणि १० टक्के आर्थिक दुर्बल घटकाला आहेत. मुस्लिम कुटुंबे या दोन्हींत बसू शकतात. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा अनेक जमाती इतर मागासवर्गात येतात. तरीही आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत मुलाचा अर्ज "जनरल" म्हणून जातो. अब्बा म्हणतात, "आपण तर शेख." आडनाव शेख असले म्हणून जमात ठरत नाही. भिवंडी-मालेगावात पिढ्यानपिढ्या मागावर बसलेली आणि आडनाव शेख लावणारी घरे आहेत. आडनावापेक्षा दादा-परदादांचा धंदा आणि त्यांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद काय सांगते, ते पाहावे लागते.

खरी अडचण तिथेच आहे. जुन्या शाळांत आपल्या मुलांच्या जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते "मुसलमान" लिहून टाकले. मुलगा पिंजाऱ्याचा की तांबोळ्याचा, हे लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि आपल्याही कुणी ते लिहून घेतले नाही. आज त्याच कोऱ्या नोंदीपायी नातवाचा दाखला अडतो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. म्हणून शोध दादांपासून सुरू करावा. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, त्यांच्या भावंडांच्या नोंदी, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि कुणा चुलत्याला आधीच मिळालेला दाखला, असे सगळे पाहावे. दादांच्या नोंदीत नसेल तर त्यांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत जमात सापडते, असे पुष्कळदा घडते. वंशावळ लिहून काढा. हे काम घरातल्या बुजुर्गांना विचारल्याशिवाय होत नाही आणि बुजुर्ग कायम राहत नाहीत.

दाखला मिळाला तरी पुढे तीन ठिकाणी घरे अडखळतात.

पहिले, राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. आयआयटी केंद्राची, म्हणून आपली जमात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहावे लागते. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्याच्या नोकरीसाठी किंवा कॉलेजसाठी काढलेला नॉन-क्रीमीलेअर दाखला इथे चालत नाही. जेईई अॅडव्हान्स्डच्या माहितीपुस्तिकेत दाखल्याचा नमुना छापलेला असतो. त्याची प्रत काढून अर्जासोबत न्या आणि "याच नमुन्यात हवा" असे पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरे, तारीख. राज्याच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर कधी कधी तीन वर्षांची मुदत लिहिलेली असते. ती पाहून घर निर्धास्त होते. आयआयटीच्या प्रवेशासाठी मात्र दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेला असावा लागतो. म्हणजे हाताशी वेळ किती? २०२५ चे उदाहरण घ्या. २ जूनला अॅडव्हान्स्डचा निकाल लागला, ३ जूनला जागांच्या पसंतीचे काम सुरू झाले आणि ७ जूनला बकरी ईद होती. निकाल पाहून दाखल्याला धावणाऱ्याला कचेरी गाठायला किती दिवस मिळाले असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. जुने पुरावे आणि जातीचा मूळ दाखला आत्ता तयार ठेवा. नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका. अॅडव्हान्स्डचा अर्ज भरताना नवा दाखला हातात नसेल तर तसे लिहून देण्याची सोय असते, पण जागा देताना खरा दाखला दाखवावाच लागतो.

तिसरे, उत्पन्न. क्रीमीलेअरची मर्यादा ८ लाख रुपये आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न या ८ लाखांत धरत नाहीत. नोकरी कुठल्या दर्जाची आहे ते मात्र पाहतात. शिक्षक किंवा कारकून असलेले बरेच पालक "आमचा पगार जास्त आहे" म्हणून कचेरीची पायरीच चढत नाहीत. आधी नियम वाचा, मग ठरवा.

ज्यांची जमात मागासवर्गात नाही, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचा विचार करावा. त्यात पगार, शेती, धंदा सगळे मिळून घराचे वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती किंवा १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर हा दाखला मिळत नाही. प्लॉटलाही मर्यादा आहे. हा दाखलाही १ एप्रिलनंतरचाच लागतो. फेरीवाल्याचा मुलगा, मशिदीच्या इमामसाहेबांची मुलगी, छोट्या किराणा दुकानदाराची मुले यात सहज बसू शकतात. आपल्याकडे या दाखल्याची माहितीच फार कमी घरांना आहे.

आणि आता कॅफेतला तो प्रश्न. मेनमधून अडीच लाख मुले निवडताना प्रत्येक वर्गाची वेगळी यादी लागते. त्यात इतर मागासवर्गाच्या ६७,५०० आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या २५,००० मुलांना अॅडव्हान्स्डला बसता येते. मेनच्या अर्जात "जनरल" लिहिले गेले आणि दुरुस्तीची मुदतही निघून गेली, तर पहिल्या पायरीलाच मुलाचा हक्क सुटतो. म्हणून वर्ग कोणता लिहायचा हे अर्ज भरायच्या आदल्या रात्री, घरात सगळ्यांसमोर ठरवा. आणि अर्ज भरायला मुलाबरोबर मोठे कुणीतरी जा.

पैशांचा हिशेब

"एवढे पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न कधी उघड विचारला जातो, कधी मनातच राहतो. मनात राहतो तेव्हा तो जास्त घातक. मूल घराची ओढाताण पाहते आणि आपणच म्हणते, "मला तिथे जायचेच नाही."

म्हणून कागदावर हिशेब मांडा. आयआयटीत बी.टेक.ची शिक्षण फी वर्षाला २ लाख रुपये आहे. ही रक्कम ऐकूनच अनेक जण मागे फिरतात. त्यापुढचे वाक्य वाचा. घराचे वर्षाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ही फी पूर्ण माफ होते. १ ते ५ लाखांच्या मध्ये असेल तर दोनतृतीयांश माफ होते, म्हणजे वर्षाला साधारण ६७ हजार उरतात. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च वेगळा. या मुलांना क्लासला घातले असेल तर क्लासची एका वर्षाची फी अनेकदा याहून जास्त गेलेली असते. जी रक्कम क्लाससाठी कशीबशी उभी राहिली, तीच आयआयटीसाठी अशक्य वाटते. घाबरण्याआधी बेरीज-वजाबाकी करून पाहावी. फी माफीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तोही फाईलमध्ये हवा. शिवाय प्रत्येक संस्थेत गुणवत्ता आणि गरज पाहून शिष्यवृत्त्या मिळतात. प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात त्यांची चौकशी करायला मुलाला सांगा.

शैक्षणिक कर्ज हा आपल्या घरांतला नाजूक विषय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन न मागता कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात ३ टक्के सूट मिळते. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे त्यांची अडचण यातून सुटत नाही, हे आम्ही जाणतो. तो निर्णय ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की हा प्रश्न जूनमध्ये घाईत सोडवायला घेऊ नका. फी माफी धरून प्रत्यक्षात किती कमी पडतात ते आधी काढा. पुष्कळ घरांत तो आकडा बिनकर्जाने, मामू-चाचांच्या मदतीने भागण्याजोगा निघतो.

पैशांची सगळ्यांत अवघड वेळ येते ती जागा मिळाल्यानंतरच्या चार दिवसांत. जागा स्वीकारण्याची रक्कम ठरलेल्या तासाच्या आत ऑनलाईन भरावी लागते. उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकलची जागा मिळाली. २४ जूनला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. घराने पैसे जमवले, पण भरता भरता वेळ संपली आणि जागा गेली. पुढचे तीन महिने ते कुटुंब दारोदार फिरले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालचा आपला खास अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्या मुलाला न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण प्रत्येक मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येत नाही.

यावर आपल्या मोहल्ल्यात एक साधा उपाय होऊ शकतो. बऱ्याच गावांत जमातीचा शिक्षणनिधी असतो. शिष्यवृत्तीचे वाटप निकाल, अर्ज, बैठक असे होत होत ऑगस्टवर जाते. त्या निधीतली थोडी रक्कम १ जून ते ३१ जुलै या काळासाठी कर्ज-ए-हसना म्हणून वेगळी काढून ठेवावी. ज्याला तासाभरात जागेचे पैसे भरायचे आहेत त्याला ती तासाभरात मिळावी, आणि घराची सोय झाली की परत यावी. पुढच्या वर्षी तीच रक्कम दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. एक जबाबदार माणूस आणि त्याचा चालू असलेला फोन नंबर एवढे पुरते.

पसंतीची यादी आणि मुलगी

निकालानंतर "जोसा" नावाच्या एकत्र व्यवस्थेतून जागा दिल्या जातात. आयआयटीबरोबर एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर काही संस्थाही तिथेच असतात. संस्था आणि शाखा यांची आपल्या पसंतीच्या क्रमाने यादी द्यायची असते. यादी हवी तेवढी लांब करता येते. वर अवघड जागा लिहिल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही. त्यामुळे खरोखर हवी ती जागा वर लिहा आणि जिथे जायचेच नाही ती मुळीच लिहू नका. मागच्या वर्षांत कुठली जागा कितव्या रँकला बंद झाली ते त्याच संकेतस्थळावर दिसते. जागा मिळाल्यावर तीन पर्याय असतात. हीच हवी असेल तर "फ्रीज", यादीतली वरची कुठलीही मिळाली तर चालेल असे असेल तर "फ्लोट", आणि त्याच संस्थेत वरची शाखा हवी असेल तर "स्लाईड". हे तीन शब्द आई-वडिलांनाही ठाऊक असावेत.

ही यादी करताना घरातली खरी मते बाहेर पडतात, विशेषतः मुलगी असेल तर. मुलाच्या यादीत गुवाहाटीही असते. मुलीची यादी मात्र अब्बांच्या मनात आधीच तयार असते: पवई मिळाली तर ठीक, नाहीतर गावातले कॉलेज. मुलीला हे कळते ते शेवटच्या दिवशी.

आयआयटीत मुलींचे प्रमाण फार कमी होते, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. म्हणून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत त्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर नेण्यात आला. या जागा मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नाहीत, वाढवून दिल्या आहेत. ज्या रँकला मुलाला एखादी शाखा मिळत नाही, तिथे मुलीला ती मिळू शकते. अर्जाची फीही मुलींना कमी आहे. २०२५ मध्ये अॅडव्हान्स्डसाठी मुलांना ३,२०० रुपये होते, तर मुलींना १,६००. सरकारने दार थोडे अधिक उघडले आहे. घरानेच कडी लावली तर त्या जागेचा उपयोग काय?

काळजी खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. अठरा वर्षांची मुलगी, परका मुलूख, भाषा वेगळी, खाणे वेगळे. पण काळजी प्रश्नाच्या रूपात मांडा, म्हणजे तिचे उत्तर शोधता येते. मुलींचे वसतिगृह आवाराच्या आत आहे का? हलाल किंवा शाकाहारी जेवणाची सोय कशी आहे? स्टेशनपासून किती दूर? आपल्या जिल्ह्यातली कुणी मुलगी तिथे शिकते का? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दोन फोनमध्ये मिळतात. जमल्यास आधीच्या सुट्टीत अब्बांनी मुलीला घेऊन एखादी आयआयटी बाहेरून का होईना पाहून यावी. जी जागा डोळ्यांनी पाहिली तिची भीती निम्मी होते. आणि नकार द्यायचाच असेल तर तो अकरावीत द्या, कारणासकट द्या. दोन वर्षे रात्री जागवून जूनमध्ये "इतक्या लांब नको" म्हणणे हा मुलीवर अन्याय आहे.

नंबर लागला नाही तर

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले आहे की तेव्हा आयआयटीतल्या २७,१६१ विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी ८९४ होते. हा आकडा आपल्या सभांमध्ये वारंवार ऐकायला मिळतो. तो खरा आहे आणि बोचणारा आहे. पण तो सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवू नका. "कौमचे नाव काढ" असे रोज ऐकणाऱ्या मुलाला पेपर अवघड गेला की ते घरी तोंड दाखवायला घाबरते. तो आकडा मोठ्यांच्या कामाचा आहे. दाखले वेळेवर काढणे, निधी उभा करणे, मुलीला पाठवणे यातूनच तो बदलेल.

ज्यांचा नंबर लागणार नाही त्यांच्यासाठी रस्ते आधीच पाहून ठेवा. देशात ३१ एनआयटी आहेत. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना आहेत आणि तिथे मेनच्या रँकवर प्रवेश मिळतो. पुण्यात आणि नागपुरात ट्रिपल आयटी आहेत. राज्याच्या सीईटीतून पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय गाठता येते. मात्र तिथे राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्रही लागते, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. आणि आयआयटीचे दार बारावीनंतर कायमचे बंद होत नाही. बी.एस्सी. नंतर "जॅम" आणि इंजिनिअरिंगनंतर "गेट" देऊन तिथे पुढचे शिक्षण घेता येते. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाईन पदवी अभ्यासक्रम तर जेईईशिवायही करता येतो.

या महिन्यात एक जाड फाईल विकत आणा. तिच्यात दहावीचे प्रमाणपत्र, आधार, जन्मदाखला, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, दादांच्या शाळेची नोंद आणि बँकेचे पासबुक ठेवा. वर एका कागदावर चार तारखा लिहा: मेनच्या अर्जाची शेवटची तारीख, १ एप्रिल, अॅडव्हान्स्डच्या अर्जाची मुदत आणि निकालाचा दिवस. फाईल घरात कुणाकडे राहील तेही ठरवा. आमच्या मते ती अम्मीकडे असावी. पुष्कळ घरांत महत्त्वाचे कागद आजही तिच्याच पेटीत सापडतात.

मुलाला अभ्यास करू द्या. तहसीलच्या रांगेत अब्बांनी उभे राहावे.